ट्रक नसताना

“वहिनी, जी गोल राहतील ती गेलेली समज,” कौस्तुभ म्हणाला, आणि बरणी माझ्या हातात देऊन चपला घालायला वाकला. त्याला घाई होती. बंगलोरला ट्रेनिंग, खाली रिक्षा थांबलेली. मी बरणी पोटाशी धरून दारात उभी. लोणच्याची जुनी काचेची बरणी, चारदा घासलेली, आत पाणी, पाण्यात हिरवी प्लास्टिकची वेल, आणि वेलीला जागोजाग चिकटलेली ती अंडी. सब्जा भिजल्यावर कसा दिसतो, मधे काळा ठिपका आणि भोवती पारदर्शक गर, अगदी तसं. फक्त ठिपका मिरीएवढा आणि गर चांगला जाड. “गोल म्हणजे?” मी विचारलं, कारण मला तर सगळीच गोल दिसत होती. “आत्ता सगळीच गोल आहेत गं. पण जिवंत असेल ते बदलतं. लांबट होतं, वाकडं होतं, एकदम बेढब दिसायला लागतं. जे छान गुळगुळीत, शांत, जसंच्या तसं राहतं ना, ते मेलेलं. मग त्याच्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्यांना लागते. दिसलं की चमच्याने काढून टाकायचं, दयामाया नाही.” मग त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. चांदणी फरशीवर बसली होती, आमच्याकडे पाठ करून, वाटीशी खेळत. “चांदूबाई, काका जातोय. टाटा! बघत पण नाही. काय शांत पोरगी आहे यार,” तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. मी दार लावलं. मग पुन्हा उघडलं. काय विचारायचं होतं ते आठवेना. ‘शांत’ हा एकच शब्द त्याने दोनदा वापरला होता, एकदा अंड्यांसाठी आणि एकदा माझ्या मुलीसाठी, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

कौस्तुभ माझा धाकटा दीर. भाईंदरला गावातल्या घरी, मागच्या खोलीत, तो ॲक्सोलॉटल पाळतो. मेक्सिकोकडचा प्राणी, थंड पाण्यात राहणारा. पालीसारखे चार पाय, माशासारखं शेपूट, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या झालरी. आयुष्यभर पिल्लूच राहतो, मोठा होतच नाही, हे कौस्तुभ कौतुकाने सांगतो आणि मला दर वेळी काटा येतो. त्याच्या खोलीतला एसी बिघडला आणि नेमकी तेव्हाच मादीने अंडी घातली. आमच्याकडे चांदणीसाठी बेडरूमचा एसी दिवसभर चालू, म्हणून बरणी इकडे आली. थोडं थोडं पाणी बदलायचं, मोबाईलचा टॉर्च बरणीमागे धरायचा आणि बघायचं. “नुसतं बघायचंच तर आहे,” माझा नवरा योगेंद्र म्हणाला, “तुझा तर तोच उद्योग. इन्स्पेक्टर मॅडम.” हे माझं नाव चांदणी झाल्यापासून पडलंय. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. बोटाला कोमट वारा लागला की उठते, गॅसपर्यंत जाते, आणि परत येऊन पुन्हा बोट धरते, कारण मधल्या वेळाचं काय. योगेंद्र हसतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसत नाहीत. त्या संध्याकाळी मीठ-मोहरी घेऊन बसतात आणि चांदणीवरून ओवाळून टाकतात. “सारखी सारखी बगू नको गो तिला. आयशीचीच नजर पयली लागते.”

त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही मिठागरावरचं. आता मिठागर नाही, खाडीकडेला नुसते बांध उरलेत, पण त्यांच्या बोलण्यात ते अजून आहे. चांदणी रडत नाही, दचकत नाही, कुकरची शिट्टी झाली तरी झोपेतून हलत नाही, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं; त्यांना नाही. “शांत पान्यावरच मीठ धरतं. पानी हललं का झाला सगला इस्कोट. माजी पोर तशी हाय. गुनाची हाय.” शेजारची नीलम तिच्या रात्रभर किंचाळणाऱ्या मुलाला काखेत मारून येते आणि म्हणते, “रुचिता, आपकी तो देवी है देवी, दो दिन के लिए एक्सचेंज करो ना.” मी हसते. मला अभिमान वाटतो. अभिमानाच्या खाली कुठेतरी, पाण्याच्या टाकीच्या तळाशी गाळ असतो तसं, दुसरं काहीतरी असतं. पण टाकी कोण ढवळणार. एकदाच मी म्हटलं होतं, हळूच, जेवताना: “हिला ऐकू तर येतं ना?” योगेंद्रने घास तसाच धरला. “ट्रक गेला की मान वळवते की नाही? मग? तू आधी ते गूगल बंद कर.” आणि खरंच होतं ते. आम्ही काशीमीऱ्याला राहतो, हायवेला लागून, पहिला मजला, आणि खालीच गतिरोधक. दुपारी अवजड गाड्या सोडतात तेव्हा एकेक ट्रेलर त्या गतिरोधकावरून धडाड करून जातो, मांडणीतल्या कपबशा किणकिणतात, आणि आमची चांदणी मान वर करते, इकडेतिकडे बघते, मला शोधते, हसते. झोपेतही डोळे उघडते. घरात हा लाडका विनोद आहे: हिला अंगाई नको, ट्रक पाहिजे. मोठी झाली की ट्रकच चालवणार आमची चांदू.

दुपारी ती झोपली, आई बाहेरच्या खोलीत वाल सोलायला बसल्या, की मी बरणीमागे टॉर्च धरायची. पडदे ओढलेली खोली, एसीचा एकसुरी आवाज, आणि पाण्यात पेटलेले ते इवले इवले काचेचे दिवे. सुरुवातीला काही कळेना. मग एका दुपारी काही ठिपक्यांवर बारीक चीर दिसली, नखाने दाबल्यासारखी. मग ते लांबले, सोललेल्या वालासारखे. मग एक टोक जाड, एक बारीक, पाठीला बाक. कौस्तुभ म्हणाला होता तशीच बेढब. आणि आतल्या आत, त्या गरात, ती वळत होती. इतकी सावकाश की बघताना नाही, बघून झाल्यावर कळावं. काही मात्र करडी पडली, दुधात पाणी घातल्यासारखी, ती मी चमच्याने उचलली आणि कुंडीत टाकली. एकच अंडं मला सोडवेना. वेलीच्या शेंड्यावरचं, सगळ्यांत वरचं. सगळी बेढब होत गेली, हे मात्र गोलच. गुळगुळीत, काळंभोर, मोत्यासारखं, कुठे डाग नाही, चीर नाही. इतकं सुंदर की टॉर्च आधी तिथेच जायचा. गोल राहील ते गेलेलं समज. पण ते हलायचं! मी डोळ्यांनी बघितलं होतं. दुपारच्या वेळी टॉर्च धरला की गराच्या आत तो काळा मोती डुलायचा, इतरांपेक्षा जास्तच. मी कौस्तुभला व्हॉट्सॲपवर कळवलं की वरचं गोल आहे पण हलतंय. त्याचं उत्तर आलं, “हलतंय तर ठेव वहिनी, लेट असेल.” लेट असेल. हा शब्द मला फार धीराचा वाटला. मी तो दिवसभर तोंडात धरून हिंडले, लवंगेसारखा. चांदणी आधी ऊं-ऊं करायची, गुळण्या केल्यासारखे आवाज काढायची, आता ते कमी झालंय, पण लेट असेल. नीलमचा मुलगा नाव घेतलं की वळतो; ही लेट असेल.

एवढं बघायला मी कधी शिकले? टॉर्च धरून बसले की दुसराच एक प्रकाश आठवायचा. चांदणी जन्मली तेव्हा तिला कावीळ होती, बरीच होती, आणि तिला काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगावर काही नाही, गुडघे पोटाशी, पाठीला बाक. मला चाकाच्या खुर्चीत बसवून आणायचे, पेटीला हात लावायची परवानगी होती, तिला नाही. मी काचेवर टकटक केली. टकटक केली की तिची बोटं फुलायची. मला वाटायचं, आईची खूण ओळखली. मग घरी आल्यावर बारसं. पाळण्याला झेंडूच्या माळा, चांदणीच्या डोक्याला लाल कुंची. योगेंद्रला बहीण नाही, म्हणून आत्याच्या जागी आईच बसल्या, पाळण्यात वाकल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. चांदणी. कुर्रर्र. मागे उभ्या बायकांनी रीतीप्रमाणे आईंच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, कुणीतरी जरा जोरातच घातले, आई ओरडल्या, “मारता का काय गो रांडांनो!” सगळ्या हसल्या, पाळणा हादरला, आणि चांदणीने डोळे उघडले. “बग, कशी लगेच आयकते आपलं नाव,” आई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. व्हिडिओ आहे. मी तो किती वेळा बघितलाय. हल्ली बघताना मी आवाज बंद करते आणि नुसतं चित्र बघते. आधी काय होतं, कुर्रर्र की पाळण्याचं हादरणं, एवढंच बघायचं असतं. पण आईंचं डोकं मधे येतं.

त्या दिवशी दुपारी वरसाव्याच्या पुलाजवळ कंटेनर आडवा झाला. नंतर कळलं. आधी एवढंच कळलं की काहीतरी नाहीये. चांदणी जागी होती, फरशीवर बसलेली, माझ्याकडे पाठ, वाटी तोंडात. मी बरणीसमोर. टॉर्च लावला आणि बघते तर पाणी नुसतं उभं. रोज त्याच्यावर बारीक कंप असायचा, दुधावरची साय हलावी तसा. इतका रोजचा की मी त्याला पाण्याचाच स्वभाव समजत होते. आज काच आणि पाणी वेगळं करता येईना. मी उठून पडदा सारला, खिडकी उघडली. आणि आवाज आत कोसळला. हायवेवर नजर जाईल तिथवर गाड्या ठप्प, ट्रकवाले इंजिनं बंद करून खाली उतरलेले, आणि बाकी सगळे, बस, रिक्षा, टेम्पो, हॉर्नवर हात दाबून बसलेले. चाक एकही फिरत नव्हतं. नुसता आवाज, कानात खिळे ठोकल्यासारखा. मी तशीच खिडकी उघडी टाकून बरणीपाशी आले, कारण येता येता मला काहीतरी दिसलं होतं. त्या उभ्या पाण्यात एक वाकडं अंडं उडालं. गराच्या आत टुणकन उलटलं, आणि थांबलं. मग खालचं एक. मग पलीकडचं. कुणी हलवत नव्हतं त्यांना. स्वतःच्या मनाने, आपापल्या वेळी, चिमुकलं शेपूट झटकून, कूस बदलल्यासारखी ती उलटत होती. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, “चांदू! चांदू, बघ गं, जिवंत आहेत!”

चांदणी वाटी चोखत होती. हॉर्न होते, त्यात माझा आवाज बुडला असेल. मी तसंच म्हटलं असतं स्वतःला. पण त्याच वेळी खिडकीखालच्या बसने तिचा तो लांबलचक, गात गात फाटणारा हॉर्न दिला, आणि माझे खांदे कानाला लागले, आणि तिचे जागचे हलले नाहीत. तिच्या मानेवर घामाने चिकटलेली एक बट होती. ती बटसुद्धा हलली नाही. मी सावकाश नजर वर नेली, शेंड्यावरच्या मोत्याकडे. गोल. काळाभोर. सुंदर. भोवतीची सगळी आपापल्या लयीत उसळत होती आणि ते एकटं त्या उभ्या पाण्यात असं स्तब्ध होतं की कधी हललंच नसावं. ते कधी हललंच नव्हतं. ट्रक हलवत होते.

मग मी जागची हलले नाही. पाऊल टाकलं तर फरशी तिला सांगेल. वारा लागला, सावली पडली तर त्यावरून ती ओळखेल. मला अचानक कळलं की ही आठ महिन्यांची पोर किती गोष्टींवरून मला ओळखत आली आहे. मी तिथूनच टाळी वाजवली. मग जोरात. मग तिचं नाव घेतलं, साधं, मग लाडाचं, मग ओरडून. माझ्याच मुलीला मी चोरासारखी मागून हाका मारत होते. ती वाटीत बघत होती, वाटीच्या तळाशी तिला तिचंच वाकडं तोंड दिसत असावं, आणि त्याच्याशी तिचं बरं चाललं होतं. बाहेर सगळं जग बोंबलत होतं आणि माझी मुलगी बरणीतल्या पाण्यासारखी निवांत होती. मला भीती वाटली, पण ती तिच्यासाठी नव्हती. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर तिचीच भीती वाटली. ही कोण आहे? इतके महिने मी कुणाशी बोलतेय?

“खिडकी लाव गो, केवडा आवाज! पोर घाबरल ना!” आई वालाची परात घेऊनच दारात आल्या. माझं तोंड बघून थांबल्या. “काय झाला?”

“आई, हिला ऐकू येत नाही.”

“काय येड्यावानी बोलतस?”

“तुम्ही हाक मारा. तिथूनच. पुढे येऊ नका.”

“तोंडाला काय तरी लागू दे तुज्या. चांदू! ए माजी चांदू! ए बाय!” परातीतले वाल त्यांच्या हातात नुसते सळसळत होते. “खेलतंय पोर, कशाला वलतेय ती. तुजा आपला कायतरी. चांदू गो!”

आणि खाली कुठेतरी शिट्ट्या झाल्या, ओरडा झाला, इंजिनं सुरू झाली. जाम सुटला. पहिला ट्रेलर गतिरोधकावर चढला, धडाड करून उतरला. फरशी माझ्या तळपायांना गुदगुल्या केल्यासारखी थरथरली. चांदणीने वाटी सोडली, मान वर केली, वळली, दारात आजी बघितली आणि दोन्ही दात दाखवून हसली.

“बग!” आईंचा आवाज फुटला. “बगितला ना? आयकला ना माज्या पोरीनं? मेली, जीव घेतलास माजा.”

मी बरणीकडे बघत होते. सगळी हलत होती. वाकडी हलत होती, आणि शेंड्यावरचं गोलही हलत होतं, डुलत डुलत, सगळ्यांपेक्षा जास्त, हौसेने.

चांदणीची कापडी झोळी खोलीच्या मधोमध छताच्या कड्याला टांगलेली असते. मी तिला फरशीवरून उचललं आणि झोळीत बसवलं, तोंड भिंतीकडे. झोळी स्थिर होईपर्यंत हाताने धरून ठेवली. मग आईंना म्हटलं, “आता ती परात वाजवा. मागून.” परातीतले वाल त्यांनी पलंगावर ओतले, चादरीवरच, त्यांच्या हातून मी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि पळी घेऊन आल्या. पहिल्यांदा हळूच मारली. मग जोरात. पितळेची परात ती. माझे दात शिवशिवले. झोळीतून दोन पाय बाहेर लोंबत होते. डाव्या पायाचा अंगठा मजेत वर-खाली होत होता, पळीच्या तालाशी त्याचा काही संबंध नव्हता. आईंनी तिसऱ्यांदा पळी उचलली आणि तशीच धरून राहिल्या. मग त्यांनी परात खाली ठेवली, दोन्ही हातांनी, जराही आवाज होऊ न देता. घरात कुणी झोपलेलं असलं की ठेवतात तशी.

त्या फरशीवर बसल्या. पदर तोंडाशी नव्हता, रडत नव्हत्या. मला वाटलं आता मिठाचं काहीतरी निघेल, नजरेचं, माझ्या बघण्याचं. त्या म्हणाल्या, “मंग बारशाला मी नाव कुनाला सांगितला गो?”

हाताला काम हवं म्हणून मी चमचा घेतला आणि शेंड्यावरचं अंडं काढलं. ते सहज सुटलं. चमच्यात आल्यावर दिसलं, मागच्या बाजूला, टॉर्च जिथे कधी गेला नव्हता तिथे, पांढरी लव धरली होती. शेजारच्याला अजून लागली नव्हती. आजच्या आज कानाच्या डॉक्टरला फोन करायचा, योगेंद्रला सांगायचं, तो आधी हसेल, मग गप्प होईल, हे सगळं माझ्या डोक्यात एकामागोमाग एक येऊन उभं राहिलं, शांतपणे, रांगेत. लेट असेल हा शब्द कुठेच नव्हता.

झोळीतून चांदणीला काढलं. ती नेहमीसारखी माझ्या छातीवर गाल टेकून राहिली. मी रोज तिला अशीच निजवते, अर्धे शब्द विसरलेली माझ्या आईची अंगाई म्हणत, आणि ती गाल घट्ट दाबून धरते. मला वाटायचं तिला आवाज आवडतो. आता मी तिचा तळवा घेतला, लाळेने ओला, वाटीचा वास येणारा, आणि माझ्या गळ्यावर ठेवला. “चांदणी,” मी म्हटलं. बोटं थांबली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, आत कोण आहे असं. “चांदणी.” तिने दुसराही हात ठेवला.

“आई, इकडे या.”

त्या आल्या, गुडघ्यांवर हात टेकत. मी चांदणीचा हात त्यांच्या गळ्यावर नेला, पोवळ्यांच्या माळेच्या वर, जिथे कातडी सैल झाली आहे तिथे. त्या तोंड उघडणार तेवढ्यात खालून अजून एक ट्रेलर आला. कपबशा किणकिणल्या, फरशी थरथरली, बरणीतलं पाणी शहारलं.

“थांबा,” मी म्हटलं. “हा जाऊ दे.”

आम्ही तिघी तशाच थांबलो. कपबशा गप्प झाल्या. बरणीतलं पाणी पुन्हा काचेसारखं झालं, आणि त्यात एका वाकड्या अंड्याने आपल्या मनाने कूस बदलली.

“हं, आता.”

आईंनी डोळे मिटले. “चांदणी,” त्या म्हणाल्या. “कुर्रर्र.”